बॅकस्पेस नसलेली टोपी

ईईजीसाठी, म्हणजे टाळूवरून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवण्यासाठी, मुलांना बोलावताना आम्ही एक सूचना दोनदा द्यायचो: आदल्या रात्री केस धुवा, तेल लावू नका. निम्मे जण विसरायचे. एक जण तर आईने टाळूवर थापलेलं खोबरेल तसंच घेऊन आला होता. अशा डोक्यावर इलेक्ट्रोड धड बसत नाही. बसला तरी त्वचेशी नीट संपर्क होत नाही आणि पडद्यावर मेंदूऐवजी खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुण दिसू लागते. मग स्पिरिटने टाळू पुसा, एकेका ठिकाणी भांग पाडून बोथट सुईने जेल भरा, पुन्हा मापा. सोळा इलेक्ट्रोडची टोपी नीट बसेपर्यंत पाऊण तास सहज जायचा, आणि तोवर समोरचा मुलगा पेंगायला लागलेला असायचा.

एवढा खटाटोप करून हाती काय लागतं? दहा-वीस, फार तर पन्नास मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो. पन्नास मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग. पापणी लवली तर यापेक्षा कितीतरी मोठी लाट उमटते, दात आवळले तर सगळ्या रेषा एकमेकींत घुसून पडदा काळा होतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या घट्ट लावून बसावं, तसं हे ऐकणं आहे. पथक आलं हे कळतं, ठेका बदलला हेही कळतं. शंभर ढोलांतल्या कुणाची थाप चुकली, ते मात्र कळत नाही. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. त्यानंतर यंत्रं फार सुधारली, पण कवटी तेवढीच जाड राहिली.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी काही वर्षं या सिग्नलवर मुलांकडून प्रकल्प करून घेतले. त्यामुळे ‘आरोपीच्या ब्रेन मॅपिंगमधून गुन्हा उघड’ अशी बातमी दिसली की माझं लक्ष चटकन त्या टोपीकडे जातं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचा मेंदू वाचला जातोय, त्याला जिथे त्याच क्षणी ‘हे चुकलं, पुसा’ असं म्हणता येतं, तिथे मेंदूलहरींचं वर्गीकरण जरूर वापरावं, त्यावर सरकारने पैसाही खर्च करावा. पोलीस तपासात तसं म्हणायची सोय नाही. म्हणून तिथे हे तंत्र संशयिताच्या संमतीनेही वापरू नये.

वर्गीकरण म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगायला हवं. उजवा हात हलवल्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या डाव्या बाजूला, हाताचा कारभार पाहणाऱ्या भागावरची ८ ते १३ हर्ट्‌झची लय थोडी क्षीण होते. डाव्या हाताची कल्पना केली की उजवीकडे क्षीण होते. असे शेकडो नमुने, प्रत्येकावर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ अशी चिठ्ठी लावून, संगणकाला देतात. तो त्यांतला फरक शिकतो आणि नवा नमुना आला की त्याला दोहोंपैकी एका खणात टाकतो. दोन खण दिले असतील तर तो दोहोंपैकी एकातच टाकणार. त्या क्षणी तुम्ही घरी गॅस चालू राहिला की काय याची काळजी करत असलात, तरी उत्तर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असंच येईल, आणि वर ‘८७ टक्के खात्री’ असा आकडाही येईल. ‘मला कळलं नाही’ हा तिसरा खण कुणीतरी मुद्दाम ठेवावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो ठेवलेला नसतो.

एका वर्षी तीन मुलं अचूकता ९८ टक्के आल्याची बातमी घेऊन नाचत आली. मी कोड उघडायला सांगितला. त्यांनी एका सलग नोंदीचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे केले होते, सगळे एकत्र पिसले होते आणि मग काही शिकवायला, काही परीक्षेला, असे वाटून दिले होते. म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नाचा अर्धा भाग अभ्यासाच्या वहीत आधीच होता. सोमवारच्या नोंदीवर शिकवा आणि गुरुवारच्या नोंदीवर परीक्षा घ्या, असं सांगितल्यावर आकडा साठीत आला. दोन खणांत डोळे मिटून टाकलं तरी पन्नास येतात. मुलांचे चेहरे पडले. मला मात्र तोच त्या वर्षीचा सगळ्यात चांगला प्रकल्प वाटला.

ही चूक फक्त आमच्या मुलांची नाही. २०१७ साली इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा जणांना ४० प्रकारची चित्रं दाखवली आणि त्यांच्या ईईजीवरून कोणत्या प्रकारचं चित्र पाहिलं हे सुमारे ८३ टक्के वेळा ओळखता येतं, असा दावा केला. नुसत्या अंदाजाने अडीच टक्के आले असते. त्यामुळे मोठा गाजावाजा झाला. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने त्यातली मेख दाखवली. प्रयोगात एका प्रकारची सगळी चित्रं सलग दाखवली होती: आधी सगळे कुत्रे, मग सगळी विमानं, असं. बसल्या बसल्या माणसाचा ईईजी हळूहळू सरकत असतो. जेल सुकतं, झोप येते, मान अवघडते. संगणक घड्याळ ओळखायला शिकला होता, चित्र नव्हे. तीच चित्रं उलटसुलट क्रमाने दाखवल्यावर सगळी जादू उतरून उत्तर अंदाजाच्या पातळीवर आलं. लक्षात घ्या, हे सगळं प्रयोगशाळेत, समजूतदार स्वयंसेवकांवर, कुणाचंही वाईट न चिंतता झालं होतं. आणि नोंदी इतरांना पाहायला खुल्या होत्या म्हणूनच चूक सापडली.

आता या तंत्राची लोभस बाजू. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डॉनचिन यांनी मेंदूने टाइप करायचा फळा बनवला. सहा ओळी, सहा रकाने, छत्तीस घरं. ओळी आणि रकाने आळीपाळीने लुकलुकतात. तुम्हाला हवं ते अक्षर जिथे आहे ती ओळ किंवा तो रकाना लुकलुकला की मनात मोजायचं. अपेक्षित गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत एक उंचवटा येतो, त्याला पी-३०० म्हणतात. एकदा पाहून तो गोंगाटात दिसत नाही. अनेकदा लुकलुकवून सरासरी काढली की वर येतो. वेग होता मिनिटाला सुमारे २.३ अक्षरं. आमच्या मुलांनी याचा देवनागरी फळा करायचा घाट घातला आणि पहिल्याच दिवशी भांडण सुरू झालं. छत्तीस घरांत व्यंजनं मावतात, पण मग स्वर, काना-मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण कुठे ठेवायची? ‘पाणी’ लिहायला चार निवडी, म्हणजे त्या मूळ वेगाने जवळपास पावणेदोन मिनिटं. पण ज्याची बोटं, जीभ, सगळंच आजाराने गेलं आहे, त्याला ती पावणेदोन मिनिटं जड नाहीत.

त्या १९८८ च्या फळ्यावरची दोन घरं मला फार आवडतात. अक्षरांच्या बरोबरीने त्यात ‘बॅकस्पेस’ होतं आणि ‘क्विट’ होतं. चुकलं तर पुसता येईल, नको असेल तर थांबता येईल. मेंदू वाचणाऱ्या पहिल्यावहिल्या फळ्यावर या दोन गोष्टींना जागा दिली होती, तीही फक्त छत्तीस घरं हाताशी असताना.

गेल्या काही वर्षांत कवटीच्या आत इलेक्ट्रोड बसवून हे काम फार पुढे गेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू हिरावून घेणारा आजार) झालेल्या एका पंचेचाळिशीच्या माणसाबद्दल लिहिलं. बोलण्याच्या हालचाली ठरवणाऱ्या भागात २५६ इलेक्ट्रोड आहेत, सव्वा लाख शब्दांचा संग्रह आहे, आणि सुमारे ९७ टक्के शब्द बरोबर येतात. वाक्य पडद्यावर उमटतं आणि आजारापूर्वीच्या त्याच्याच आवाजात बोललं जातं. हे ९७ टक्के कसे कळले? चाचणीत कोणतं वाक्य म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि एरवी वाक्य बरोबर आलं की नाही, हे तो स्वतः सांगतो, म्हणून. खरं उत्तर त्याच्याकडे आहे आणि तो समोर बसला आहे.

त्याच पी-३०० वरून फार्वेल यांनी पुढे दुसरी वाट धरली: ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’. गुन्ह्याशी संबंधित शब्द किंवा चित्र दाखवायचं, तो उंचवटा आला तर ही माहिती माणसाच्या डोक्यात आहे असं म्हणायचं. २००१ साली अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने विचारणा केली, तेव्हा सीआयए, एफबीआय अशा संस्थांना आपल्या कामात त्याचा फारसा उपयोग दिसत नव्हता. आपल्याकडे मात्र त्याच्या चुलतभावाला दार सताड उघडं मिळालं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत काम केलेले चंपादी रामन मुकुंदन यांनी ‘बीइओएस’ (ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर) ही पद्धत, बातम्यांतल्या ‘ब्रेन मॅपिंग’चाच एक प्रकार, विकसित केली आणि गांधीनगर, मुंबई इथल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ती वापरात आली. संशयिताने टोपी घालून गप्प बसायचं. त्याला प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवायची: मी अमुक ठिकाणी गेलो, मी अमुक वस्तू घेतली. ऐकताना त्याला ते ‘अनुभवलेलं’ म्हणून आठवतं की नुसतं ‘माहीत असलेलं’ म्हणून, हे सॉफ्टवेअर सांगतं, असा दावा.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने आर्सेनिक देऊन केलेल्या खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. निकालात तिच्या बीइओएस चाचणीचा आधार घेतला होता. ऐकवलेल्या वाक्यांत ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ असंही एक वाक्य होतं. तिने चाचणीला होकार दिला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. जगभरचे मेंदूतज्ज्ञ हादरले. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, म्हणजे ज्या संस्थेत मुकुंदन यांनी काम केलं होतं तिथल्याच प्रमुखांनी, हे तंत्र शास्त्रीय कसोटीला उतरत नाही असं सांगितलं. पुढे त्या तरुणीला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ती दोषी होती की नव्हती, यावर मी काही म्हणत नाही. माझा आक्षेप टोपीने दिलेल्या साक्षीला आहे.

हो, साक्षच. १९६१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. ठसा हा शरीराचा गुण, त्यात माहिती सांगितली जात नाही. मग मेंदूची लहर ठसा की साक्ष? ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या पीठाने उत्तर दिलं: नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्यांत माणसाच्या मनातली माहिती काढली जाते, तेव्हा त्या सक्तीने करणं घटनेच्या कलम २०(३) (स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती नाही) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) यांच्या विरुद्ध आहे. निकाल उत्तम आहे. वाचताना मला वाटलं होतं की विषय इथे संपला. पण संमतीचं दार त्यात उघडं राहिलं. संमतीने घेतलेल्या चाचणीचा अहवाल थेट पुरावा म्हणून चालणार नाही, पण त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली तर ती ग्राह्य धरता येईल. म्हणून २०२० साली हाथरस प्रकरणातल्या आरोपींना बीइओएससाठी गांधीनगरला नेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. २०२५ च्या जूनमध्येही, बिहारमधल्या एका प्रकरणात, सक्तीची नार्को चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

तपास अधिकाऱ्यांचा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकाने मला सरळ विचारलं, “सर, पट्टा बरा की टोपी?” थर्ड डिग्रीपेक्षा टोपी बरी, यात वाद नाही. आणि ते असंही म्हणतात की आम्ही कुठे यावर फाशी देतोय, आम्हाला फक्त दिशा हवी असते.

दिशेचंच गणित करू. समजा, टोपी ९० टक्के वेळा बरोबर सांगते. हा आकडा मी उदारपणे धरतोय, तसा कुणी सिद्ध केलेला नाही. एका सोसायटीत चोरी झाली, पन्नास जणांना टोपी घातली, चोर त्यांतला एकच. चोर बहुधा सापडेल. पण उरलेल्या ४९ निरपराधांपैकी सुमारे पाच जणांवरही बोट दाखवलं जाईल. हाती सहा नावं, त्यांत चोर एक. आता त्या सहांना ठाण्यात कशी वागणूक मिळेल? ‘मशीननेच सांगितलंय’ म्हटल्यावर त्या दिशेच्या शेवटी पुन्हा पट्टाच उभा असणार नाही, याची हमी कोण देतो? टोपी पट्ट्याची जागा घेईल हे गृहीतच मला पटत नाही. पट्टा कुणावर चालवायचा, हे टोपी सांगेल, अशी भीती मला जास्त वाटते.

याहून खोल अडचण चिठ्ठ्यांची आहे. डाव्या-उजव्या हाताच्या प्रयोगात प्रत्येक नमुन्यावरची चिठ्ठी खरी असते, कारण सूचना आम्हीच दिलेली असते. डेव्हिसच्या माणसाच्या बाबतीत, वाक्य आधी ठरलेलं नसेल तर, चिठ्ठी तो स्वतः लावतो. ‘याने खून केल्याचं याला अनुभव म्हणून आठवतंय’ ही चिठ्ठी कोण लावणार? स्वयंसेवकांकडून पाकीट चोरल्याचं नाटक करवून घेतलं आणि त्यावर यंत्र शिकवलं, तर यंत्र नाटक ओळखायला शिकेल. खरे खटले घ्यावेत, तर न्यायालयाचा निकाल हीच चिठ्ठी. आणि निकालात टोपीचा अहवाल धरला असेल, तर यंत्राची परीक्षा यंत्राच्याच उत्तरपत्रिकेवरून घेतल्यासारखं झालं. शिवाय चाचणीपर्यंत संशयिताने ती कहाणी किती वेळा ऐकलेली असते! हवालदाराकडून, साहेबाकडून, वकिलाकडून, वर्तमानपत्रातून. रात्र रात्र जागून त्याने ते दृश्य मनात शंभरदा पाहिलेलं असतं, निरपराध असला तर जास्तच. दुसऱ्याने सांगून डोळ्यांसमोर उभी राहिलेली घटना आणि स्वतः केलेली घटना, यांतला फरक टाळूवरच्या काही मायक्रोव्होल्टमधून काढून दाखवतो म्हणणाऱ्याने आपल्या नोंदी आणि आपला कोड आधी खुला करावा. पर्ड्यूच्या लोकांनी कातानियाच्या नोंदींचं जे केलं, ते इथे कुणाला करता येईल?

शाळा-कचेऱ्यांतल्या वापराबद्दल थोडक्यात. २०१९ साली चीनच्या जिन्हुआ शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला पट्टे बांधून कोणाचं लक्ष आहे, कोणाचं नाही, हे बाईंना दाखवत होते. ओरड झाल्यावर ते थांबवलं. असे पट्टे आता कुणालाही विकत घेता येतात. चिलीने २०२१ साली मेंदूविषयक माहितीचं संरक्षण राज्यघटनेतच घातलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला ग्राहकाच्या मेंदूलहरींच्या नोंदी पुसायला लावल्या. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. मेंदूची लहर आणि किराणा दुकानात दिलेला मोबाइल नंबर एकाच ओळीत. गुन्ह्याच्या तपासाला तर बरीच सूट आहे.

माझी मागणी मोठी नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतून बीइओएस बंद करावं. आजवर ज्यांच्यावर ते वापरलं त्यांच्या नोंदी, नावं काढून, स्वतंत्र तज्ज्ञांना तपासायला द्याव्यात. आणि वाचणारा पैसा ज्यांची बोलती आजाराने बंद झाली आहे, त्यांच्यासाठी मराठीत चालणारा फळा करायला लावावा. तो अजून कुठल्या वॉर्डात सहज मिळतो असं माझ्या पाहण्यात नाही. जोडाक्षरांचं भांडण सुटायचं राहिलंय, ते आम्ही सोडवू.

राहता राहिली संमती. आमच्याकडे टोपी घालण्याआधी एका कागदावर सही घ्यायचो. त्यात एक ओळ ठळक अक्षरात होती: कोणत्याही क्षणी, कारण न देता, टोपी काढून निघून जाता येईल. कोठडीतल्या माणसापुढे ठेवलेल्या कागदावर ही ओळ लिहिली तर ती कशी दिसेल, हे मी कधी कधी मनात पाहतो. मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, संमती दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावी, वकील असावा, वगैरे. पण दंडाधिकाऱ्यासमोरून तो परत कुठे जातो, हे त्यालाही ठाऊक असतं. ‘नाही’ म्हणालास तर काहीतरी लपवतोयस, एवढं त्याला कुणी मोठ्याने सांगावंही लागत नाही.

आमची ती ओळ एकदाच खरी वापरली गेली. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. पाऊण तास खपून आम्ही टोपी बसवली, सगळे इलेक्ट्रोड हिरवे झाले, नोंद निम्म्यावर आली, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सर, माझी सव्वापाचची बस आहे. पुढची साडेसहाला.” मी काही बोलायच्या आत तिने हनुवटीखालचा पट्टा सोडला होता. जेलने चिकटलेले केस ओढणीने पुसत ती जिना उतरून गेली. त्या दिवसाची नोंद आम्हाला टाकून द्यावी लागली.